विंडोज १० सोडून लिनक्सवर जाऊ का? बाबांचा फॉक्सप्रो अडकलाय

आंब्याची_पेटी (देवगड)
नमस्कार मंडळी. घरचा डेस्कटॉप चौथ्या पिढीचा आय३ आहे, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ टाकायला गेलो तर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही, प्रोसेसर यादीत नाही म्हणून सरळ नकार. नवीन घ्यायचा तर यंदा आंब्याने हात दाखवलाय. लिनक्स मिंट टाकावं म्हणतोय पण बाबांचा पेट्यांचा सगळा हिशोब १९९६ पासून डॉसच्या फॉक्सप्रोत (जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर) आहे, कुणीतरी ओळखीच्याने करून दिलेला प्रोग्रॅम, ३२ बिट विंडोज आहे म्हणून अजून चालतो. बाबा म्हणतात चालतंय ना, मग हात लावू नको. कुणी केलंय का असं?

खाडीकाठ (दाभोळ)
चारदा केलंय रे बाबा. माझा पहिला प्रोग्रॅम ८९ सालचा, चिपळूणला क्लास लावला होता तिथे, जीडब्ल्यू बेसिक या भाषेत. सव्वापाच इंची फ्लॉपी, ३६० केबी, डॉस पण त्याच्यातच आणि माझे प्रोग्रॅम पण त्याच्यातच. पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरायची म्हणून आई पापडाच्या डब्यात ठेवायची, खाली तांदळाची पुरचुंडी.

प्रोग्रॅम काय, तर भरतीची वेळ. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करतात ना, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तीन ओळींचं काम. मी पंधरा तिथ्यांची प्रिंट काढून रुबाबात काकाला दाखवली, तो खाडीत पाग टाकायला जायचा. पंचमीच्या पुढे छापलेलं ३.७५. काका बराच वेळ कागद बघत बसला आणि म्हणाला, "तीन वाजून पंच्याहत्तर मिनिटं म्हणजे रे किती?" पॉइंटच्या पुढचं साठाने गुणायचं असतं हे माझ्या टाळक्यातच आलं नव्हतं.

मग टर्बो सीवर सी भाषा शिकलो, तोच प्रोग्रॅम परत. तिथी गुणिले ३ भागिले ४, सगळं इंटिजरमधे (पूर्णांकात), तर चतुर्थीला पण तीन आणि पंचमीला पण तीन, कारण सी अपूर्णांक कापून टाकतं. पाऊण तास गेला पाण्यात!

लिनक्सवर पहिल्यांदा गेलो विंडोज ९८ सोडून. रेडहॅट लिनक्स झकास चढलं पण इंटरनेट नाही, कारण आतला मोडेम विनमोडेम, अर्धं काम विंडोजच्या ड्रायव्हरकडून करून घेणारा. बाहेरचा सिरीयल मोडेम आणला, तो लगेच चालला, आणि जूनच्या पहिल्या गडगडाटात टेलिफोनच्या तारेतून वीज येऊन जळाला. वायर काढून ठेवायची राहिली, चूक माझीच. पुढे उबुंटू लिनक्सवाले पोस्टाने फुकट सीडी पाठवायचे, पोस्टमन विचारायचा परदेशातून काय येतं तुला.

आता तुझं. एक लक्षात घे, विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, म्हणजे उद्या नवीन मशीन घेतलंस तरी बाबांचा प्रोग्रॅम त्यावर असाच्या असा चालणार नाही. तेव्हा लिनक्सच्या नावाने खडे फोडायचं कारण नाही. डॉसबॉक्स-एक्स टाक, लिनक्सवर डॉसचे जुने प्रोग्रॅम चालवतं ते, फॉक्सप्रोचा अख्खा फोल्डर त्यात दे. साधा डॉसबॉक्स नको, तो मुळात गेमसाठी, त्यात प्रिंटिंग नाही. आणि डीबीएफ फायली, म्हणजे फॉक्सप्रोचा डेटा, लिबरऑफिस कॅल्कमधे थेट उघडतात, पण त्या नुसत्या बघायच्या, तिथून सेव्ह मारू नको.

मालवणी_माणूस
अरे पयलो तो डेटा पेनड्रायव्हवर घाल, मगे काय तां इन्स्टॉल कर. माझ्या भाच्यान गेल्या वर्षी 'इरेज डिस्क'वर क्लिक केल्यान आणि पंधरा वर्सांचे गणपतीचे फोटो गेले.

नंबरलॉक (रत्नागिरी)
+१. आणि आधी पेनड्राईव्हवरून लाईव्ह चालवून बघ, इन्स्टॉल न करता वायफाय आणि आवाज येतो का कळतं. मराठीत पत्रं बित्रं जुन्या शिवाजी फाँटमधे असतील तर ती मात्र इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतील, तो फाँट कॉपी करून ने नाहीतर युनिकोडमधे बदलून घे. मी आमच्या मंडळाच्या दहा वर्षांच्या वर्गणीच्या याद्या तशाच नेल्या आणि मग रडत बसलो.

आंब्याची_पेटी
धन्यवाद सगळ्यांना. रविवारी केलं. दोन पेनड्राईव्हवर कॉपी, मग लाईव्ह, मग इन्स्टॉल. वायफाय पहिल्या झटक्यात. डॉसबॉक्स-एक्समधे फॉक्सप्रो उघडला तर बाबा खुर्ची ओढून बसले, ९६ ची पहिली एंट्री काढली, वाशीच्या दलालाकडे ४० पेट्या, आणि म्हणाले "याने दोन पेट्यांचे पैसे अजून दिलेले नाहीत". डॉट मॅट्रिक्सवर पावती अजून येत नाहीये, पीडीएफ निघते. बाबांना ती फाडता येत नाही म्हणून मान्य नाही.

खाडीकाठ काका, तुमचा भरतीचा प्रोग्रॅम अजून आहे का?

खाडीकाठ (दाभोळ)
आहे की. पायथन २ मधे लिहिला तेव्हा सीसारखाच अपूर्णांक कापायचा. आता पायथन ३ वर नेलाय, भागाकार अगदी बरोबर येतो, पंचमीला ३.७५.