नोटीस पिरियड न भरता नोकरी सोडली तर?

प्रेषक: मा.

नमस्कार मंडळी,

इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. इंग्लंडला येऊन दोन वर्षं झाली, स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे. दुसऱ्या कंपनीची ऑफर हातात आहे आणि त्यांना मी सहा आठवड्यांत हवी आहे. माझ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नोटीस तीन महिन्यांची आहे. मॅनेजरला तोंडी विचारून पाहिलं, तर "तीन महिने म्हणजे तीन महिने" म्हणाले आणि विषय संपला. गेलं वर्षभर दोघांचं काम एकटी ओढते आहे. रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधडायला लागतं.

सोमवारी लॅपटॉप आणि कार्ड रिसेप्शनला देऊन सरळ निघून आले, तर नेमकं काय होईल? कोर्टात खेचतील? पगार अडकवतील? रिलिव्हिंग लेटर मिळालं नाही तर पुढे अडेल का?

मा.

---

प्रेषक: वि. काका

मा.,

बाकी सगळं नंतर, आधी त्या धडधडीसाठी जीपीला, म्हणजे तुझ्या नेहमीच्या डॉक्टरला, दाखव. नोटीस चालू असतानाही आजारपणाची रजा घेता येते. पहिले सात दिवस स्वतःच कळवलं तरी चालतं, त्यापुढे फिट नोट, म्हणजे आजारपणाचा दाखला, लागते.

आता तुझे प्रश्न. माझं सगळं आयुष्य पेरोलमध्ये, म्हणजे लोकांचे पगार काढण्यात, गेलं, त्यामुळे हे रोज पाहिलेलं आहे. नोकरीला महिना झाला की कामगाराने किमान १ आठवड्याची नोटीस द्यायची, असं १९९६ चा एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्ट सांगतो. पण तू तीन महिन्यांवर सही केली आहेस, म्हणजे तुला तीन महिने लागू. ते न भरता गेलीस तर करारभंग होतो. तो गुन्हा नाही, त्यात पोलीस येत नाहीत. आणि कुठलंही कोर्ट तुला परत त्या खुर्चीत बसवू शकत नाही. १९९२ च्या ट्रेड युनियन कायद्यात कलम २३६ आहे, कामगाराला हुकूम काढून कामाला लावता येत नाही असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे.

कंपनी नुकसानभरपाई मागू शकते, पण नुकसान तिने दाखवायचं. तुझ्या जागी एजन्सीचा माणूस आणला तर त्याला दिलेल्या पैशातून तुझा वाचलेला पगार वजा होतो, आणि उरतं त्यासाठी वकील लावणं सहसा कोणाला परवडत नाही. तरी त्या भरवशावर राहू नकोस. आज रात्री कॉन्ट्रॅक्ट पुन्हा वाच. ट्रेनिंगचा किंवा इथे आणण्याचा खर्च परत द्यायचं कलम असेल, नोटीस न भरल्यास कपात असं काही असेल, तर तो पैसा शेवटच्या पगारातून जाऊ शकतो. काम केलेल्या दिवसांचा पगार आणि साठलेल्या रजेचे पैसे मात्र तुझेच. न भरलेल्या दिवसांचे मिळणार नाहीत. रिलिव्हिंग लेटर इथे कोणी मागत नाही. पी४५, म्हणजे तोवरचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद, लागतो, आणि तो कंपनीला द्यावाच लागतो.

हे झालं कायद्याचं. पुढचं लिहायला मला जड जातं आहे. २००९ साली मी असाच निघून गेलो होतो. मंगळवारी कोणी यायच्या आत किल्ल्या कीबोर्डवर ठेवल्या, खाली अर्ध्या कागदावर दोन ओळी. कंपनीने काहीही केलं नाही. पण तो पगाराचा आठवडा होता. माझ्या शेजारची सहकारी आठव्या महिन्यात होती, आणि तीनशे माणसांचे पगार तिने एकटीने काढले. कोणाची कुठली कपात हाताने घालायची, हे फक्त माझ्या डोक्यात होतं, कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिने तीनदा फोन केला. मी उचलला नाही. काही वर्षांनी एका ट्रेनिंगला ती भेटली. चांगली बोलली, बाळाचे फोटो दाखवले, आणि निघताना एवढंच विचारलं, "तेव्हा फोन का नाही उचललास?" मला उत्तर देता आलं नाही, अजूनही येत नाही.

म्हणून सांगतो, तोंडी विचारलंस ते विसर. लेखी राजीनामा दे आणि त्यातच लवकर सोडण्याची विनंती कर: अमुक तारखेला सोडावं, उरलेली रजा नोटिशीत धरावी, तोवर सगळं काम मी लिहून देईन. दोघांनी मान्य केलं तर तीन महिने कधीही कमी होतात. मॅनेजर तोंडावर नाही म्हणतो, पण लेखी अर्जावर एचआरला विचार करावा लागतो.

वि. काका

---

प्रेषक: शु. ताई

मा., काकांचं सगळं बरोबर आहे, पण व्हिसाचं राहिलं. तुझ्यासाठी तेच सगळ्यात मोठं आहे.

तुझा व्हिसा जुन्या कंपनीच्या नोकरीवर आहे. नव्या कंपनीचं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, म्हणजे व्हिसासाठीचं प्रायोजकपत्र, घेऊन तुला व्हिसाचा नवा अर्ज करावा लागेल, आणि मंजुरी हातात आल्याशिवाय तिथे कामाला बसता येणार नाही. देशातून केलेल्या अर्जाचा निर्णय साधारण ८ आठवड्यांत येतो. तोवर जुन्या नोकरीत काम करायला मुभा आहे, नोटीस भरत असलीस तरी. म्हणजे सोमवारी निघालीस, तर नवीन जागी जाता येणार नाही आणि जुना पगारही नाही, नुसती घरी बसशील. त्यात जुन्या कंपनीला १० कामाच्या दिवसांत होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्याला, कळवावं लागतं, आणि मग व्हिसा सहसा ६० दिवसांवर आणतात.

नव्या लोकांना आजच विचार: सर्टिफिकेट कधी देताय, आणि व्हिसाचा निर्णय लवकर मिळावा म्हणून प्रायॉरिटीची फी भरणार का? त्यांचे "सहा आठवडे" हा हिशेब धरून सांगितले आहेत असं मला वाटत नाही.

शु.

---

प्रेषक: मा.

काका, ताई,

नव्या एचआरला विचारलं. सर्टिफिकेटलाच दोन आठवडे लागणार आहेत, आणि प्रायॉरिटीची फी ते भरणार नाहीत. रुजू होण्याची तारीख त्यांनी स्वतःहून पुढे ढकलली.

काल लेखी राजीनामा दिला, काकांनी सांगितलं तसाच. आज उत्तर आलं, दहा आठवड्यांनी सोडायला तयार आहेत, माझी अकरा दिवसांची रजा त्यातच धरून. जीपीची वेळ गुरुवारची आहे.

संध्याकाळी बसून हँडओव्हरची फाइल सुरू केली. जे फक्त माझ्या डोक्यात आहे, ते आधी लिहायला घेतलं. चार पानं झाली, अजून बरंच आहे.

मा.