मदत हवी आहे: मरळ आणि मागूर सख्खे भाऊ निघाले, चूक कुठं?

नमस्कार. पैठणजवळ राहतो, एम.एस्सी. प्राणिशास्त्राचं दुसरं वर्ष. बाजारात मिळणाऱ्या माशांची हाडं आणि अवयव ताडून त्यांच्यातलं नातं मांडायचं, असा प्रकल्प आहे. रोहू, मागूर, शिंगी, मरळ घेतले. बाह्यगट म्हणून, म्हणजे तुलनेसाठी या नात्याबाहेरचा मासा म्हणून, चालट. मासळीवाल्या मावशी मुंडकी फुकट देतात, वर विचारतात, "इतक्या मुंडक्यांचं कालवण करतोस का रे?"

तक्त्यात सात लक्षणं आहेत. डोकं चपटं, हवेत श्वास घेतो, पाण्याबाहेर तग धरतो वगैरे. त्यावरून नात्याचं झाड (कोण कुणाच्या जवळचा, ते दाखवणारी आकृती) काढलं तर मरळ थेट मागूर-शिंगीला चिकटला आणि रोहू लांब पडला. पुस्तकात नेमकं उलटं! वेबरच्या हाडांवरून (वाताशय कानाशी जोडणारी छोटी हाडं) रोहू आणि मागूर जवळचे म्हणतात, पण ती हाडं मला एकाही मुंडक्यात सापडली नाहीत. पुढच्या सोमवारी सरांना दाखवायचंय.

प्रतिसाद १
"हवेत श्वास घेतो" हे लक्षण नव्हे, ते काम झालं. अवयव कुठून उगवलाय ते बघा. मागूरची झाडासारखी फांद्या फुटलेली इंद्रियं दुसऱ्या आणि चौथ्या कल्ला-कमानीवर असतात. शिंगीत कल्ल्यांपासून मागं पाठीच्या स्नायूंत गेलेल्या दोन लांब पिशव्या. मरळमध्ये कल्ल्यांच्या वर पोकळी. आणि तुमचा चालट? तोही हवा घेतो, वाताशयानं, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीनं! त्याला तक्त्यात शून्य, म्हणजे 'लक्षण नाही', दिलंय ना? आटणाऱ्या डबक्यात राहायचं तर ही सोय वेगवेगळ्या घराण्यांना आपापली करावी लागली. शिवाय श्वास आणि तग म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजलीत.

प्रतिसाद २
वेबरनं 1820 मध्ये वर्णन केलेली ही हाडं मुंडक्यात नसतातच हो. कवटीच्या लगेच मागं, पहिल्या चार-पाच मणक्यांना लागून असतात आणि वाताशयाची थरथर कानापर्यंत नेतात. मावशींचा कोयता नेमका तिथंच पडतो. रोहूपासून सुरुवात करा, मागूरचं वाताशय चिमुकलं आणि हाडाच्या डबीत बंद, नवख्याला दिसत नाही. मरळमध्ये शोधत बसू नका, त्याला ती नाहीत. तेवढा तुकडा खळखळ उकळू नका, सुटी झालेली हाडं पाण्यासोबत मोरीत जातात. माझी गेलीत.

धागाकर्ता
अरेच्चा! म्हणजे महिनाभर मुंडकीच शिजवत बसलो. उद्या मावशींना सांगतो, चार बोटं मागून तोडा. आता फुकट देणार नाहीत बहुतेक.