‘जॉज’ मालिकेवरचे कम्पॅनियन पुस्तक: चारही चित्रपटांचे घ्यावे, की पहिल्याचेच पुरे?

करवीर_चित्रकट्टा (धागाकर्ता):

नमस्कार. कोल्हापुरात आम्ही काही मंडळी महिन्यातून एकदा जमून एखादा जुना चित्रपट पाहतो आणि चहापानानंतर त्यावर सविस्तर बोलतो. पुढच्या बैठकीसाठी स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा माणसांवर हल्ले करणाऱ्या शार्कवरचा १९७५ सालचा ‘जॉज’ ठरला आहे. आमच्या छोट्याशा निधीत एखादे इंग्रजी पुस्तक मागवण्यापुरती रक्कम शिल्लक असल्यामुळे, या मालिकेतील चारही चित्रपटांची (१९७५, १९७८, १९८३ आणि १९८७) माहिती, मुलाखती आणि पडद्यामागच्या हकिकती एकत्र देणारे कम्पॅनियन पुस्तक घ्यावे, असा एक प्रस्ताव आला आहे. पहिल्या चित्रपटाचे सहपटकथाकार कार्ल गॉटलीब यांनी लिहिलेला चित्रीकरणाचा वृत्तान्त आमच्या एका सदस्याकडे आधीपासून आहे, आणि म्हणूनच मतभेद झाले आहेत. काहींचे म्हणणे असे की, मूळ चित्रपट कसा घडला हे प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसाने लिहून ठेवले असताना, पुढच्या तीन सुमार भागांसाठी वेगळे पैसे खर्च करण्यात काय अर्थ आहे?

अशा पुस्तकाकडून नेमकी काय अपेक्षा धरावी आणि घेण्यापूर्वी ते चाळायला मिळाले, तर त्यात काय तपासावे, हे जाणकारांनी सांगावे. आमच्यापैकी बहुतेकांचा समुद्राशी संबंध सुट्टीत गगनबावड्याचा घाट उतरून मालवण-तारकर्लीला जाण्यापुरता आणि शार्कशी संबंध तिथे ताटात येणाऱ्या मोरीच्या मसाल्यापुरता आहे, हेही लक्षात घ्यावे.

ग्रंथघर_भवानीमंडप:

गॉटलीब यांच्या पुस्तकाचे मोल कमी नाही, परंतु त्याची मर्यादा आधी समजून घ्यावी. ते चित्रपटाबरोबरच १९७५ मध्ये बाजारात आले. लेखक पटकथेवर काम करत होते, स्थानिक वृत्तपत्राचा संपादक मेडोज ही छोटी भूमिकाही त्यांनीच केली, आणि मार्थाज व्हिनयार्ड बेटावर चित्रीकरण चालू असताना दुसऱ्या दिवशीचे संवाद आदल्या रात्री लिहून देण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यामुळे त्यात ताजेपणा भरपूर आहे. मात्र घरच्या माणसाने, यशाच्या ऐन भरात लिहिलेल्या हकिकतीत इतरांची बाजू ज्या प्रमाणात यावी, त्या प्रमाणात ती येत नाही.

कम्पॅनियन पुस्तक चांगले की सुमार, हे ओळखण्यासाठी मी एकच प्रकरण आधी उघडून पाहीन. शार्कला मारायला निघालेला कोळी क्विंट रात्री बोटीवर बसून ‘इंडियानापोलिस’ या बुडालेल्या युद्धनौकेची कहाणी सांगतो, तो प्रसंग आपणास आठवत असेलच. ते स्वगत नेमके कोणी लिहिले, यावर संबंधितांमध्येच एकमत नाही. मूळ कल्पना पटकथेवर काम केलेले लेखक हॉवर्ड सॅकलर यांची होती, हे सर्वांना मान्य आहे. स्पीलबर्ग त्याच्या विस्ताराचे मोठे श्रेय पटकथाकार जॉन मिलियस यांना देतात, तर गॉटलीब यांच्या मते पडद्यावर जे ऐकू येते त्याची अंतिम घडण, क्विंटची भूमिका करणारे आणि स्वतः नाटककार असलेले रॉबर्ट शॉ यांची आहे. केवळ एकच आवृत्ती सांगून पुढे जाणारे पुस्तक मी परत फळीवर ठेवीन, आणि सगळ्या बाजू शेजारी-शेजारी मांडून वाचकाला विचार करू देणारे पुस्तक विकत घेईन.

त्याच प्रकरणात दुसरी परीक्षाही होते. क्विंट घटनेची तारीख २९ जून १९४५ सांगतो, प्रत्यक्षात ती नौका ३० जुलै १९४५ रोजी मध्यरात्रीनंतर बुडाली. अकराशे माणसे पाण्यात पडली, असे तो म्हणतो. खरे पाहता नौकेवर सुमारे बाराशे माणसे होती, त्यांपैकी तीनशेच्या आसपास तिच्याबरोबरच बुडाली आणि उरलेली नऊशेच्या घरातील माणसे पाण्यात राहिली. शेवटी वाचलेल्यांचा त्याने सांगितलेला ३१६ हा आकडा मात्र बरोबर आहे. शिवाय सर्व मृत्यू शार्कमुळे झाले, असा समज त्या स्वगतातून होतो. वस्तुतः तहान, ऊन, जखमा आणि थकवा यांनीही कित्येकांचा बळी घेतला. नाटकाच्या दृष्टीने शॉ यांनी केले ते योग्यच आहे, पण पुस्तकाने हा फरक सांगितलाच पाहिजे.

उद्यमनगर_वायुदाब:

माझा व्यवसाय न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या, सिलिंडर आणि व्हॉल्व्ह यांचा असल्यामुळे मी या चित्रपटाकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. यांत्रिक शार्क बिघडत राहिला, त्याला गमतीने स्पीलबर्ग यांच्या वकिलाचे ‘ब्रूस’ हे नाव देण्यात आले, आणि बिघाडामुळेच चित्रपट उत्तम झाला, ही कथा प्रत्येक लेखात विनोदी किश्शासारखी सांगितली जाते. तो का बिघडला, हे मात्र क्वचितच कोणी समजावून सांगतो. चार चित्रपटांवरचे पुस्तक घ्यायचे असेल, तर यंत्रांवरचे प्रकरण किती खोलात गेले आहे ते अवश्य पाहा.

कलादिग्दर्शक जो अल्व्हज यांनी सुमारे पंचवीस फुटांच्या शार्कचा आराखडा केला आणि बांधणीची जबाबदारी बॉब मॅटी यांच्यावर आली. एकूण तीन शार्क होते. एक दोरीने ओढून नेण्याचा, पोटाकडून उघडा. आणि दोन बाजूने दिसणारे, त्यांपैकी एक डावीकडून उजवीकडे जाणारा व दुसरा त्याच्या उलट. कॅमेऱ्याला न दिसणारी त्यांची बाजू उघडी असे आणि तिथे हवेच्या नळ्यांचे जाळे होते. एक शार्क हलवायला चौदा माणसे लागत. हे दोन शार्क ज्या पोलादी चौकटीवरून सरकायचे, ती समुद्राच्या तळाशी उतरवताना जुलै १९७४ मध्ये उलटली आणि पाणबुड्यांना ती सावरावी लागली.

आता खरा मुद्दा. हवा दाबली जाते, तेल जवळजवळ दाबले जात नाही. त्यामुळे हवेवर चालणारा दट्ट्या मध्येच एखाद्या ठिकाणी नेमका थांबवणे मुळातच कठीण असते. जबडा उघडताना समोरून लाटेचा धक्का बसला, तर दट्ट्याची गती बदलते, आणि चौदा जणांनी मिळून एकच हालचाल साधायची असेल, तर प्रत्येक लाटेगणिक हिशेब चुकतो. त्यात भर खाऱ्या पाण्याची. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात राहिले, की त्यांतला एक वेगाने झिजू लागतो. बाहेरून फोमची त्वचा पाणी शोषून फुगते आणि वजन बदलते. या शार्कची समुद्राच्या पाण्यात आगाऊ चाचणीच झालेली नव्हती. विशेष म्हणजे याच मॅटी यांनी १९५४ च्या एका समुद्रपटासाठी प्रचंड माखला बनवला होता आणि तो गाजलाही, पण ती झुंज स्टुडिओतील हौदात चित्रित झाली होती. हौदात लाट आपण म्हणू तेव्हा उठते. उघड्या समुद्रात चित्रीकरण करण्याचा स्पीलबर्ग यांचा आग्रह मान्य झाला, तेव्हाच हा प्रश्न विकत घेतला गेला. ५५ दिवसांचे नियोजन १५९ दिवसांवर गेले आणि सुमारे ४० लाख डॉलरचा खर्च ९० लाखांच्या आसपास पोहोचला, यामागे केवळ यंत्राची खोड नव्हती. वारा, प्रवाह आणि दृश्यात मध्येच घुसणाऱ्या शिडाच्या होड्या यांचाही त्यात वाटा होता. क्विंटची ‘ओर्का’ बोट तर एकदा खरोखरच बुडाली.

‘बिघाडामुळे चित्रपट चांगला झाला’ हे वाक्य मला अर्धवट वाटते. पाण्यावर पळणारी पिवळी पिंपे शार्कची जागा घेतात आणि आपण त्यांनाच घाबरतो, हे खरे. परंतु शार्कला पिंपे बांधण्याची कल्पना पीटर बेंचली यांच्या १९७४ च्या मूळ कादंबरीतच आहे. सुरुवातीच्या हल्ल्यात शार्क मुळीच दिसत नाही. तिथे स्टंट कलाकार सुझन बॅकलिनी यांच्या कमरेला पट्टा बांधून दोरांनी त्यांना इकडून तिकडे ओढण्यात आले. दोर ओढणाऱ्यांनी वेळ साधली नसती, तर तो प्रसंग भीतीदायक न होता हास्यास्पद झाला असता. असे श्रम किश्शांच्या गर्दीत हरवतात. बाबूराव पेंटरांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ज्या गावात स्वतः कॅमेरा घडवला, त्या गावच्या प्रेक्षकांना तरी यंत्रामागच्या हातांचे कौतुक वाटेल, असे मला वाटते.

तिसरी_घंटा:

माझे मत थोडक्यात सांगतो. दुसरा भाग बरा आहे, तिसरा पाहवत नाही, आणि चौथ्यात शार्क एका कुटुंबावर सूड उगवण्यासाठी त्याच्या मागोमाग थेट बहामापर्यंत पोहोचतो, यावर मी अधिक काही लिहू इच्छित नाही. निधी मर्यादित असेल, तर ते पैसे ध्वनिवर्धकासाठी वापरावेत. जॉन विल्यम्स यांचे ते दोन स्वरांचे संगीत मोबाइलच्या स्पीकरवर ऐकवणार असाल, तर कितीही उत्तम पुस्तक आणले तरी उपयोग नाही.

मीनाक्षी_कळंबा:

तिसरी घंटा दादा, ध्वनिवर्धकाबद्दल आपले म्हणणे पूर्ण मान्य. तरीही पुढच्या भागांसाठीच चार चित्रपटांचे पुस्तक घ्यावे, असे मी म्हणेन. पहिल्या चित्रपटाची गोष्ट आता इतक्या वेळा सांगून झाली आहे की, तिच्यात नवे फारसे सापडत नाही. याउलट पडलेल्या चित्रपटांविषयी लोक अधिक मोकळेपणाने बोलतात, कारण जपण्यासारखी प्रतिमाच उरलेली नसते.

उदाहरणादाखल चौथा भागच घ्या. फेब्रुवारी १९८७ मध्ये चित्रीकरण सुरू झाले आणि जुलैमध्ये चित्रपट अमेरिकेत प्रदर्शितही झाला. उद्यमनगर सरांनी वर्णन केलेल्या अडचणी लक्षात घेतल्या, तर एवढ्या अवधीत समुद्रातला शार्क चित्रपट पूर्ण करणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. मायकेल केन यांना त्या वर्षी सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले आणि ते स्वीकारायला ते जाऊ शकले नाहीत, कारण ते याच चित्रीकरणात अडकले होते. प्रदर्शनानंतर शेवटही बदलण्यात आला. चित्रपटावरून हँक सर्ल्स यांनी लिहिलेल्या कादंबरीत शार्कच्या सूडामागे जादूटोण्याचे कारण दिले आहे, जे चित्रपटात नाही. ही सगळी माहिती कळल्यावर चित्रपट चांगला वाटू लागत नाही, पण तो असा का झाला, ते कळते.

दुसऱ्या भागाची हकिकतही रोचक आहे. जॉन हॅनकॉक यांनी चित्रीकरण सुरू केले, काही आठवड्यांतच त्यांना दूर करण्यात आले आणि जानो श्वार्क आले. सर्ल्स यांचीच त्या भागावरची कादंबरी आधीच्या पटकथेवर बेतलेली असल्याने, जो चित्रपट झालाच नाही त्याची पुसटशी रूपरेषा तिच्यात वाचायला मिळते. तिसऱ्या भागाच्या जागी आधी चक्क विडंबनपट करण्याचा विचार होता. तो बारगळला आणि अल्व्हज, म्हणजे ज्यांनी पहिला शार्क कागदावर रेखाटला तेच, त्रिमितीतल्या तिसऱ्या भागाचे दिग्दर्शक झाले. उत्तम आराखडा करणारा माणूस दिग्दर्शनात का अडखळला, या एका प्रश्नावरही बैठकीत अर्धा तास बोलता येईल.

संकलक व्हर्ना फील्ड्स यांच्यावर पुस्तकात किती पाने आहेत, हेही मी मोजून पाहीन. ‘जॉज’च्या संकलनासाठी त्यांना ऑस्कर मिळाले आणि पुढे त्या युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीत उपाध्यक्ष झाल्या. बुडालेल्या होडीच्या भगदाडातून मृत कोळ्याचे डोके बाहेर येते, तो दचकवणारा क्षण मुख्य चित्रीकरण संपल्यावर त्यांच्याच घरच्या जलतरण तलावात पुन्हा घेण्यात आला. पाणी समुद्रासारखे गढूळ दिसावे म्हणून त्यात दुधाची भुकटी मिसळली होती. बेंचली यांच्याबद्दलही नुसते कादंबरीपुरते लिहून थांबलेले पुस्तक अपुरे समजावे. या कथेमुळे शार्कविषयी पसरलेल्या भीतीची त्यांना पुढे खंत वाटत राहिली आणि उत्तरायुष्यात ते शार्कच्या संरक्षणासाठी बोलत व लिहीत राहिले.

ग्रंथघर_भवानीमंडप:

मीनाक्षीताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून एक गोष्ट सांगतो. शार्कतज्ज्ञ हूपर पिंजऱ्यातून पाण्यात उतरतो, त्या प्रसंगात दिसणारे खरे शार्क रॉन आणि व्हॅलरी टेलर या दांपत्याने ऑस्ट्रेलियात चित्रित केले. खरे शार्क यांत्रिक शार्कइतके मोठे नसल्याने लहान पिंजरा आणि ठेंगण्या चणीचा बदली कलाकार वापरून ते मोठे भासवण्यात आले. एक शार्क पिंजऱ्याच्या दोरखंडात अडकून धिंगाणा घालू लागला, तेव्हा नेमका आत कोणीही नव्हता. ते दृश्य इतके विलक्षण होते की, ते वापरता यावे म्हणून कादंबरीत मरणाऱ्या हूपरला चित्रपटात जिवंत ठेवण्यात आले. हे टेलर दांपत्यही पुढे शार्क-संरक्षणाच्या कामात आघाडीवर राहिले. आपले पुस्तक या दोघांना छायाचित्राखालच्या एका ओळीत गुंडाळत असेल, तर दुसरे शोधावे.

करवीर_चित्रकट्टा (धागाकर्ता):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुस्तक चारही चित्रपटांचेच घ्यायचे, परंतु मागवण्यापूर्वी अनुक्रमणिका आणि नमुन्याची पाने पाहून ‘इंडियानापोलिस’, यंत्रे, व्हर्ना फील्ड्स आणि टेलर दांपत्य यांना किती जागा दिली आहे ते तपासायचे, असे आम्ही ठरवले आहे. बैठकीत प्रथम चित्रपट कोणत्याही प्रस्तावनेशिवाय दाखवू. ध्वनिवर्धक एका सदस्याच्या मंडळाकडून, गणेशोत्सव संपला असल्याने, सहज मिळेल. उद्यमनगर सर, चित्रपटानंतर आपण वीस मिनिटे यंत्रांवर बोलाल का? तिसऱ्या भागातला पाच-दहा मिनिटांचा तुकडाही दाखवावा, असा विचार आहे. त्याला तिसरी घंटा दादांची हरकत गृहीत धरली आहे.

उद्यमनगर_वायुदाब:

आनंदाने येईन. एक जुना सिलिंडर उभा कापून ठेवलेला आहे, तो आणतो, म्हणजे दट्ट्या आत कसा सरकतो हे सर्वांना दिसेल. दुसरा चालू स्थितीतला सिलिंडर आणि छोटा कॉम्प्रेसरही आणीन. दट्ट्या मध्यावर थांबवून हाताने ढकलून पाहिला, की हवा किती दबते ते आपोआप कळेल. टेबल भक्कम असावे आणि प्लग जवळ असावा, एवढीच व्यवस्था लागेल. कॉम्प्रेसरचा आवाज बराच होतो, त्यामुळे शेजारच्यांना आधी कल्पना देऊन ठेवावी.