आयटीआय, डिप्लोमा, डी. फार्म. झालं, नाशकात पुढे काय?

दहावी-बारावीनंतर दोन-तीन वर्षांचा कोर्स केलेल्या मुलांना निकालानंतर नेमकं सांगणारं माणूस सहसा भेटत नाही. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत आणि गावातल्या दुकानांत ज्यांचा हात बसलाय, त्यांनी इथे लिहावं. कोणते कागद लागतात, हाताला काय यावं लागतं, कुठे अडतं, एवढंच लिहा. आपापली कहाणी नको.

टूलरूम, अंबड

आयटीआयनंतर आधी अप्रेंटिसशिप करा, पण ती खरी आहे ना ते बघून घ्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलं असेल तर सरकारी पोर्टलवर करार होतो, त्याला नोंदणी क्रमांक मिळतो, शेवटी परीक्षा होते आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात येतं. ठेकेदाराकडून 'ट्रेनी' म्हणून लागलात तर यातलं काहीच मिळत नाही आणि वर्ष संपल्यावर दाखवायला कागद उरत नाही. म्हणून रुजू होतानाच करार क्रमांक मागा. अप्रेंटिसशिप संपल्यावर कंपनीने कायम करावं असं मात्र कायद्याचं बंधन नाही. ओझरच्या एचएएलची (विमानं बनवणारा सरकारी कारखाना) जाहिरात येते तेव्हाही पोर्टलची नोंदणी आधी झालेली लागते. आधार आणि गुणपत्रिकेवरच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज अडकू शकतो. तो आत्ताच दुरुस्त करून घ्या.

मुलाखतीपेक्षा ट्रेड टेस्टला, म्हणजे हाताने काम करून दाखवायच्या परीक्षेला, जास्त मुलं गळतात. ड्रॉइंगवर '२५ एच७' बोअर (भोक) असतो, म्हणजे व्यास २५.००० ते २५.०२१ मिमीच्या आत हवा. मुलं व्हर्नियर लावतात. व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी, म्हणजे जवळजवळ अख्खा टॉलरन्स (चालणारा फरक) त्याच्या एका रेघेत मावतो. इथे मायक्रोमीटरवर सेट केलेला बोअर गेज किंवा गो-नोगो प्लग गेजच (एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जाता कामा नये) हवा. दुसरी चूक म्हणजे मशीनवरून काढलेला गरम जॉब तसाच मोजणं. पोलाद तीस अंशांनी जास्त गरम असेल तर २५ मिमीत साधारण आठ-नऊ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) फुगतं. गरम असताना कसाबसा पास झालेला बोअर गार झाल्यावर लहान भरतो आणि जॉब परत येतो. जॉब खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पुसा, मग मोजा. बघणाऱ्याच्या नजरेत हेच भरतं.

मेंटेनन्स, सिन्नर

इलेक्ट्रिशियनच्या मुलांना बहुतेक ठिकाणी स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी कमी व्होल्टेजवर सुरू करणारी जोडणी) जोडायला देतात. स्टार आणि डेल्टा कॉन्टॅक्टरच्या (कॉइलने ओढला जाणारा स्विच) कॉइलमध्ये एकमेकांचा एनसी कॉन्टॅक्ट (एरवी जोडलेला, कॉन्टॅक्टर ओढला की तुटणारा) घ्यायचा राहिला, तर दोन्ही एकदम ओढले जाऊन फेज-फेज शॉर्ट होतो. नुसत्या टायमरवर विसंबू नका.

ओव्हरलोड रिलेचं (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) सेटिंग तर बरेच जुने लोकही चुकवतात. १० एचपी मोटरचा फुल लोड करंट साधारण १४ अँपिअर. रिले मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, वाइंडिंगच्या रांगेत असेल, तर त्यातून ०.५८ पटच करंट जातो, म्हणजे जवळपास ८ अँपिअर. तिथे १४ लावून ठेवलं तर मोटर जळेपर्यंत रिले ट्रिप होणार नाही. रिले लाइनमध्ये असेल तरच पूर्ण करंट लावायचा. टेस्टमध्ये सेटिंग करण्याआधी रिलेची जागा तोंडाने सांगा, समोरच्याला लगेच कळतं की मुलाला समज आहे.

बाहेर वायरिंगची कामं घ्यायची असतील तर विद्युत निरीक्षकांच्या यंत्रणेतला तारतंत्री (वायरमन) परवाना काढा, नुसतं आयटीआय प्रमाणपत्र पुरत नाही. महावितरणमध्ये विद्युत सहायक म्हणून लागलात तर सुरुवातीची तीन वर्षं मानधनावर असतात. घरचं गणित त्या हिशेबाने मांडा.

तंत्रनिकेतन, नाशिकरोड

पुढे शिकायचं असेल तर दोन वर्षांच्या आयटीआयनंतर थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमानंतर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. इंजिनिअरिंगला गेलेली मुलं अडतात ती गणितात. पहिल्या वर्षाचं गणित झालंय असं धरून वर्ग सुरू होतो. इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन सुट्टीतच पक्कं करा. राखीव जागेसाठी नॉन क्रीमी लेयर चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. जुन्या दाखल्यावर विसंबून ऐन फेरीत सेतू केंद्रात धावणारे दरवर्षी असतात.

बी.व्होक.वाल्यांनी (व्यवसाय शिक्षणाची पदवी) बिचकू नये. तीन वर्षं पूर्ण केलीत तर ती पदवीच आहे आणि 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' अशी अट असलेल्या परीक्षांना ती चालते. एका वर्षानंतर बाहेर पडलात तर मात्र डिप्लोमाच हातात राहतो.

औषध दुकान, पंचवटी

डी. फार्म.नंतर ५०० तासांचं प्रशिक्षण, लागू असेल तर एक्झिट परीक्षा, मग राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी, हा क्रम. किरकोळ दुकानासाठी किमान १० चौरस मीटर जागा आणि फ्रिज लागतो. फ्रिज २ ते ८ अंशांवर ठेवा. इन्सुलिन फ्रीजरच्या कप्प्याला टेकवून ठेवू नका. एकदा गोठलं की पुन्हा वितळलं तरी ते वापरायचं नाही, आणि वरून पाहून ते ओळखू येईलच असंही नाही. शेड्यूल एच१ च्या औषधांची (काही अँटिबायोटिक, टीबीची आणि सवय लागणारी औषधं) वेगळी नोंद तीन वर्षं जपायची असते.

एक कळकळीने सांगतो. प्रमाणपत्र कुणाच्या दुकानाला 'लावून' महिन्याचे पैसे घेऊ नका. परवान्यावर तुमचं नाव असताना काउंटरवरून चुकीचं औषध गेलं तर जाब तुम्हालाच विचारतात, नोंदणीही जाऊ शकते. शिवाय इतकं शिकून औषध हातात न घेणं हे पेशंटशीही बरोबर नाही.

कृषी सेवा केंद्र, पिंपळगाव बसवंत

कृषी डिप्लोमावाल्यांनी बियाणं, खत आणि कीटकनाशक यांचे परवाने वेगवेगळे असतात हे लक्षात घ्यावं. द्राक्षाच्या पट्ट्यात दुकान चालतं ते सल्ल्यावर. औषध देताना काढणीला किती दिवस उरलेत ते आधी विचारा आणि काढणीपूर्व कालावधी (फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस) लेबलवर वाचून दाखवा. नाहीतर रेसिड्यू (फळात उरलेला औषधाचा अंश) मर्यादेपेक्षा जास्त निघतो आणि निर्यातीचा माल नाकारला जातो. बिलावर बॅच नंबर आणि मुदत लिहा. मुदत संपलेला माल वेगळ्या कपाटात, 'विक्रीसाठी नाही' अशी चिठ्ठी लावून ठेवा. तपासणीला आलेला निरीक्षक साठा रजिस्टर आणि प्रत्यक्ष माल जुळवून बघतो, म्हणून रजिस्टर रोजच्या रोज भरा.