मदत हवी आहे: पारिया कॅन्यन, पाच दिवस ओले पाय
ऑक्टोबरात गाइडबरोबर अमेरिकेतली पारिया कॅन्यन, म्हणजे पारिया नदीची खोल घळ, करतोय. युटातल्या व्हाइट हाउसपासून ॲरिझोनातल्या लीज फेरीपर्यंत, साधारण 61 किलोमीटर. सह्याद्रीत बरंच भटकलोय, पण बिऱ्हाड पाठीवर घेऊन पाच दिवस कधी चाललो नाही. काल सॅक भरून काट्यावर ठेवली तर 17 किलो! त्यात बायकोने कोंबलेला चिवडा धरलेला नाही.

खरी काळजी पायांची. वाळवंट म्हणायचं आणि नदी शेकडो वेळा ओलांडायची, म्हणजे बूट दिवसभर ओलेच. मागे भर पावसात हरिश्चंद्रगड केला तेव्हा मोज्यात वाळू जाऊन टाचेची सालटी निघाली होती. निओप्रीनचे (रबरासारख्या कापडाचे) मोजे कामाचे आहेत का, की सरळ जाळीचे बूट घालून पाणी निथळू द्यावं?

दुसरं, नदीचं पाणी गढूळ. झरे आहेत, पण पहिल्या टप्प्यात भरवशाचे नाहीत. फिल्टर तुंबू नये म्हणून पाणी किती वेळ निवळू देता? तुरटी फिरवली तर चालेल?

शौचाच्या पिशव्या परत आणायच्या असतात, त्याची मनाची तयारी झालीय. पुराचा अंदाज दिसला तर गाइड ट्रेक रद्द करणार, तेही मान्य. जाऊन आलेल्यांनी बुटांचं तेवढं सांगा, या शनिवारी खरेदी आहे.