साक्षांकन नमुना भरताना: ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव

मैदान झालं, लेखी झाली, निवड यादीत नाव लागलं. मग हातात पडतो साक्षांकन नमुना, म्हणजे चारित्र्य पडताळणीसाठी स्वतःची माहिती भरून द्यायचा फॉर्म. पोलीस शिपाई भरतीत ज्यांनी तो भरलाय त्यांनी लिहा. सल्ले नकोत, काय घडलं ते सांगा.

कळवा
नळाच्या पाण्यावरून चाळीत भांडण झालं होतं. ३२३, ५०४ (मारहाण, शिवीगाळ) ही कलमं लागली, पुढे कोर्टात तडजोड होऊन सुटलो. वकील म्हणाले, "सुटलास ना? मग 'नाही' लिही." मामा पोलीस खात्यातून निवृत्त. ते उखडलेच. "शिक्षा झाली का, हा रकाना वेगळा. खटला भरला होता का, हा वेगळा. नीट वाच." खटल्यापुढे 'हो' लिहिलं, शिक्षेपुढे 'नाही', निकालाची सत्यप्रत जोडली. बरोबरची पोरं ट्रेनिंगला गेली, माझी फाईल अडकली. तेवढ्या काळात अवतार सिंग खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल वाचून काढला. माहिती लपवली तर त्याच कारणावरून नोकरी जाऊ शकते. खरं लिहिलं तरी घ्यायचं की नाही, हे खातंच ठरवतं, प्रकरण कसलं होतं, सुटका कशी झाली, पद कोणतं, हे सगळं बघून. हे वाचून झोप आणखी उडाली! शेवटी नेमणुकीची ऑर्डर आली.

कोपरखैरणे
आम्ही भाडेकरू, अकरा महिने झाले की बिऱ्हाड पाठीवर. मागच्या पाच वर्षांचे पत्ते म्हणजे कोपरखैरणे, रबाळे, तुर्भे, तिन्ही पोलीस ठाणी आली. आईने गादीखालच्या पिशवीतून जुने करारनामे काढले. त्यांवरून तारखा जुळवल्या. पोलीस ठाण्याच्या गोपनीय शाखेचे हवालदार चौकशीला आले तेव्हा मी घरी नव्हते. शेजारच्या काकूंनी माझं इतकं कौतुक केलं की ते म्हणाले, "बाई, लग्नाचं स्थळ नाही बघत आहोत."

घणसोली
शाळेचे दाखले माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. नाव बदलल्याचं राजपत्र आधीच काढलेलं, म्हणून निभावलं. चौकशी जावळीतल्या गावीही झाली, पोलीस पाटलांकडे.

वर्तकनगर
ओळखीच्या दोन व्यक्ती लिहायच्या असतात, नातेवाईक सोडून. मी शाळेतल्या सरांचं नाव दिलं आणि त्यांना आधी सांगून ठेवलं. न सांगता फोन गेला तर माणूस "कोण हो हा?" म्हणतो. मित्राच्या बाबतीत तसंच झालं.

दिवा
माझ्यावर शेजाऱ्याने एनसी (अदखलपात्र तक्रार) केलीय. लिहू का?

कळवा
एनसी म्हणजे एफआयआर नव्हे, खटलाही नव्हे. पण नमुन्यात तक्रारीबद्दल प्रश्न असेल तर नंबर आणि तारखेसकट लिही. ठाण्यातून प्रत काढून ठेव.