जुनं मॉडेल इंजिन वळणावरच बंद पडतंय, मोटर गेली का?

पेठेतला लोको (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे एचओ स्केलचं (खऱ्याच्या १/८७ मापाचं) जुनं खेळण्यातलं डिझेल रेल्वे इंजिन आहे, रुळातून मिळणाऱ्या १२ व्होल्ट डीसीवर चालणारं. मामा बोटीवर नोकरीला होते, १९८४ साली त्यांनी हँबर्गहून आणलं. आम्ही पोरांनी ते दहा-बारा वर्षं दामटलं, मग माळ्यावर गेलं. यंदा मुलीच्या हट्टापायी खाली काढलं. मिरज-कोल्हापूर लाईन १८९१ ची, ती अजून गाड्या ओढते. आणि आमच्या ह्या चाळिशीतल्या गड्याला जेवणाच्या टेबलाला एक फेरी मारवत नाही.

दुखणं असं. सरळ रुळावर झकास पळतं. वळण आलं की दोन-तीन गचके देतं आणि ठप्प. मागून बोटाने ढकललं, सरळावर आलं की परत चालू. काल मुलीने चुकून उलट्या तोंडाने ठेवलं, तर त्याच वळणांवरून बिनबोभाट फिरलं! मी दहा मिनिटं बघतच बसलो. परत सरळ तोंडाने ठेवलं, परत ठप्प.

आतापर्यंत केलेलं: रूळ पुसले, चाकं पुसली, मोटरमध्ये शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडले. पुण्या-मुंबईकडच्या एका दुकानदाराला व्हिडिओ पाठवला. त्याने न बघताच मोटर गेली म्हणून सांगितलं, नवीनचे साडेचार हजार. खरंच गेली का?

मिरज जंक्शन

चार थेंब म्हणजे जरा जास्तच झालं, साहेब. ह्या मोटरला सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल, तेही बेअरिंगला. जास्तीचं तेल कार्बनच्या भुकटीत मिसळून कॉम्युटेटरवर (मोटरच्या आसावरच्या तांब्याच्या पट्ट्या, ज्यांना कार्बन घासून करंट देतात) काळा चिखल होतो. तो फटींत बसला की मोटर करंट खाते, तापते आणि दम टाकते. मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, त्यात इअरबड बुडवून कॉम्युटेटर पुसा आणि फटी लाकडी टूथपिकने कोरा. पॉलिश पेपर कुठेच लावायचा नाही. रुळाला तर नाहीच. त्याच्या चऱ्यांत घाण दुप्पट बसते.

ज्या चाकांवर पकडीसाठी रबराचं कडं आहे ती करंट घेत नाहीत, तेव्हा बाकीची लख्ख पाहिजेत. पण उलट्या तोंडाने नीट चालतं हे माझ्याही डोक्यावरून गेलं.

वाइंडिंगवाला (उद्यमनगर)

दादा, मी पंप आणि मिक्सरच्या मोटरी भरतोय, एवढुशी मोटर कधी हातात धरलेली नाही. पण तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे बघा. मोटर गेली असती तर तिला वळण काय आणि सरळ काय. रुळाचा जोड ढिला असता तर तोंड कुठंही करा, इंजिन तिथंच थांबलं असतं. तोंड फिरवल्यावर वळणावर एकच गोष्ट बदलते, खालची बोगी, म्हणजे चाकांचा वळणारा सांगाडा, इंजिनाच्या अंगाला उलट बाजूला वळते. म्हणजे बोगी एका बाजूला वळली की काहीतरी तुटतंय नाहीतर चिकटतंय.

आता एवढंच सांगा. बंद पडल्यावर पुढचा दिवा विझतो का? आणि तेव्हा रुळावर मीटर लावला तर व्होल्टेज किती? मोटर उघडू नका अजून. मॅग्नेट तर बाहेर काढूच नका, जुन्या काही मोटरींत काढून ठेवला की त्याची ओढ कमी होते.

पेठेतला लोको

आत्ताच बघितलं. दिवा मोटरबरोबरच विझतो. रुळावर मात्र ११.८ व्होल्ट.

वाइंडिंगवाला (उद्यमनगर)

मग झालंच की! चिकटून शॉर्ट झाला असता तर रुळावरचं व्होल्टेज बसलं असतं, रुळाला करंट देणाऱ्या कंट्रोलरनं मान टाकली असती. रुळावर करंट आहे आणि दिवा, मोटर दोन्ही मेलीत, म्हणजे चाकापासून दोघांच्या जोडापर्यंतच रस्ता तुटलाय. मीटर बीपवर लावा, रस्ता जोडलेला असला की तो वाजतो. एक पिन करंट घेणाऱ्या चाकाला, दुसरी मोटरच्या त्याच बाजूच्या कार्बनला. मग बोगी बोटानं डावी-उजवी हलवा. वायर वरून चांगली दिसली तरी भरवसा ठेवू नका. इस्त्रीच्या वायरीला हेच होतंय, वरचं कव्हर धड आणि आत तांबं तुटलेलं.

मिरज जंक्शन

मागची बोगी एका रुळावरून करंट घेते आणि पुढची, मोटरची बोगी दुसऱ्या रुळावरून, अशीच रचना असणार. मागून पुढे जाणारी वायर आधी बघा.

पेठेतला लोको

सापडलं. मागच्या बोगीतून पुढे जाणारी लाल वायर. बोगी उजवीकडे वळवली की बीप बंद, सोडली की चालू. चिमट्याने हलकेच ओढली तर सोल्डरच्या डागापासून अर्ध्या सेंटीमीटरवर कव्हर रबरासारखं ताणलं. सोलून बघितलं, आत तांब्याचे सात-आठ केस, सगळे तुटलेले, टोकं हिरवी पडलेली. बोगी सरळ असली की ती टोकं एकमेकांना नुसती टेकत होती.

बिघडलेल्या माऊसची केबल सोलून त्यातली मऊ वायर घेतली आणि दोन्हीकडे नवीन डाग दिले. जुनी वायर ताठ होती, म्हणून ह्या वेळी थोडा झोल ठेवलाय. कॉम्युटेटरही पुसला, इअरबड अक्षरशः बूटपॉलिशमध्ये बुडवल्यासारखा निघाला. माझेच चार थेंब! आता दोन्ही तोंडांनी फिरतंय. साडेचार हजार वाचले, खर्च अल्कोहोलच्या बाटलीचा.

एक राहिलं. चार डबे लावले की चाकं जागेवरच फिरतात. रबराचं कडं कडक होऊन चिरलंय. इथे कुठे मिळेल?

मिरज जंक्शन

चाकाच्या खाचेचा व्यास मोजा आणि त्या मापाचं ऑनलाइन मागवा, कोल्हापुरात शोधत फिरू नका. आणि जुनं कडं काढल्यावर खाच पुसायला विसरू नका, नाहीतर नवीन कडं वेडंवाकडं बसतं आणि इंजिन डुलायला लागतं.

वाइंडिंगवाला (उद्यमनगर)

तेल नका घालू फक्त.